सारंगखेड्याचा घोडेबाजार : आधी खूर पाहा

नंदुरबार जिल्ह्याच्या शहादा तालुक्यात तापीकाठी सारंगखेडा हे गाव आहे. दत्तजयंतीला येथे एकमुखी दत्ताची यात्रा भरते आणि तिच्यासोबत घोड्यांचा मोठा बाजार. दोंडाईचा स्टेशनावर उतरून सडकेने येथे येता येते. मारवाडी, काठेवाडी, पंजाबी अशा घोड्यांच्या दावणी लागतात. हौशी गिऱ्हाईक रंग, कान आणि भोवरे पाहते. जाणता मात्र खाली वाकून पाय उचलतो. खूर बिघडला, तर मोलाचे जनावर दावणीलाच उभे राहते.

सडकेवर टांगा ओढणाऱ्या घोड्याला नाल लागते. मऊ वाटेने फिरणारा घोडा पुष्कळदा नालेवाचून चालतो. पण नाल नाही म्हणजे निगा नको, असे नव्हे. खुराची कड महिन्याला सुमारे ६ ते १० मिलिमीटर वाढते. खडकाळ माळावर रोज हिंडणाऱ्याची ती आपोआप झिजते; तबेल्यात बांधलेल्याची झिजत नाही. मग खूर पुढे लांबतो, पायाच्या मागच्या शिरांवर ताण येतो, कडेला चिरा पडतात. म्हणून ६ ते ८ आठवड्यांनी नालबंदाकडून खूर छाटून घ्यावेत.

चांगला नालबंद वाढलेली कड तेवढी कापतो आणि कानशीने तिला गोलाई देतो, म्हणजे कपचे उडत नाहीत. मधला त्रिकोणी, रबरासारखा भाग धक्का झेलतो. त्याचे लोंबते तुकडेच काढावेत. तळवा खरवडून पातळ केला, तर घोडा खडीवर लंगडतो. नाल काढलेल्या घोड्याला खडबडीत वाटेची सवय व्हायला काही आठवडे, कधी महिनेही लागतात.

घरच्यांनी रोज बोथट आकड्याने, टाचेकडून पुढे, खुरातील शेण व खडे काढावेत. घाण वास आणि काळा ओलावा म्हणजे सड. अशा वेळी आधी बांधायची जागा कोरडी करावी. दाणा जादा खाऊन खूर गरम लागले आणि घोडा पुढचे पाय ताणून मागे रेलू लागला, तर वाट न पाहता जनावरांच्या डॉक्टरांना बोलवावे.

तेव्हा सौद्यापूर्वी चारही पाय उचलून पाहा, घोडा टणक जमिनीवर चालवून पाहा. जो घोडा आपला पाय सहज हाती देतो, त्याच्या खुरांची कोणीतरी नेमाने काळजी घेतली आहे, असे समजावे.