आठवारी

ग्लासगो,
12 नोव्हेंबर

ती. स्व. मावशीस,


फोनवर तू हसलीस ते मला पुरतं ऐकू आलं. ‘एवढ्या लांब जाऊन परकर शिवतोयस?’ म्हणालीस आणि वर काकांना हाक मारून सांगितलंस. शिवतोय खरा. आणि अशा जागी येऊन अडकलोय की कात्री बाजूला ठेवून तुला लिहायला बसलो. विचारायचंय ते शेवटी विचारतो. आधी सगळं वाच, नाहीतर निम्मं वाचूनच ‘उसव’ म्हणशील.

सुरुवात ऑफिसातल्या एका मित्राच्या लग्नापासून झाली. इथे पुरुष मंडळी लग्नाला भाड्याचा किल्ट आणतात, मीही आणला. तो कमरेला बसेना, मागच्या चुण्या फिसकारलेल्या. दिवसभर मी मागे हात नेऊन त्या चापटत होतो. अंगाबरहुकूम शिवून घ्यायचा तर शेकड्यांनी पौंड मोजायचे. तुझ्या मशीनच्या पायाशी चिंध्या वेचत वाढलेला मी, मला वाटलं, सरळ कापड, चुण्या आणि पट्टे, त्यात एवढं काय आहे?

इथे किल्टचं कापड अजून वारातच बोलतात. पुऱ्या किल्टला आठ वार. आपली नऊवारी, ह्यांची आठवारी! हे सुचल्यावर दुकानात मी एकटाच हसलो. प्रत्यक्षात चारच वार घ्यायचे, कारण पन्हा दुप्पट असतो. कापड मधोमध उभं चिरायचं, दोन्ही पट्ट्या एकीपुढे एक जोडायच्या आणि जोड एका चुणीच्या पोटात लपवायचा. खाली दुमड नाही, कापडाचा मूळ काठच खाली येतो. तो दोन्ही पट्ट्यांना खालीच यावा म्हणून एक पट्टी फिरवून घ्यावी लागते. मी फिरवण्याऐवजी उलटी केली. चौकडा जुळला, म्हणून खूश होतो. मग उजेडात पाहिलं तर विणीच्या तिरप्या रेघा एका पट्टीत उजवीकडे चढतायत, दुसरीत डावीकडे. तो सगळा जोड उसवला. म्हणजे उसवायला मी घाबरत नाही, एवढं लक्षात ठेव.

आता तुला राग येईल अशी गोष्ट. शिवलेली नऊवारी तू आजवर एकाही पोरीला शिवून दिली नाहीस. ‘लुगडं नेसायचं असतं, घालायचं नसतं,’ असं गिऱ्हाइकाला तोंडावर सांगून परत पाठवायचीस. तर किल्टही मुळात नेसायचाच होता. फेली मोर म्हणजे मोठा किल्ट: घोंगडीसारखं लांबरुंद कापड, त्याला हातानेच चुण्या घालायच्या, वरून पट्टा आवळायचा आणि उरलेलं खांद्यावर घ्यायचं. रात्री पट्टा सोडला की तेच पांघरूण. पुढे वरचा भाग गळाला, कमरेखालचा राहिला, तो फेली बेग, छोटा किल्ट. हे कोणी केलं यावर इथे अजून भांडणं होतात. एक गोष्ट अशी की 1720 च्या दशकात ग्लेनगॅरीत लोखंडाची भट्टी चालवणाऱ्या थॉमस रॉलिन्सन नावाच्या लँकेशरच्या माणसाने मजुरांच्या सोयीसाठी ती काटछाट केली. म्हणजे इंग्रजाने! स्कॉटिश माणसापुढे ही गोष्ट काढायची नसते, हे मी एकदा काढून शिकलो. मग 1746 च्या कायद्याने हायलँडच्या पोशाखावर बंदीच आली, ती उठली 1782 साली. चुण्या कायमच्या शिवून टाकायची रीत त्या शतकाच्या अगदी अखेरची. तेव्हा चारच वार लागत, पुढे वाढत वाढत आठ झाले. नेसण्याचं घालणं झालं आणि कापड दुप्पट झालं, हे मला फार नवलाचं वाटतं. तू शिवलेल्या नऊवारीला आळशाचं लुगडं म्हणतेस. इथे आळस कुठे आहे तो दाखव मला.

टार्टन निवडतानाही तुझ्या भाच्याने शहाणपणा केला. दुकानातल्या बाईंनी मॅकेंझी पुढे केलं: निळं, हिरवं, काळं आणि वर पांढरी नि तांबडी रेघ. पांढऱ्या रेघेवर नजर ठेवली की नवशिक्याची चुणी सरळ येते, असं म्हणाल्या. पण मॅकेंझी म्हणजे 78 व्या हायलँडर्स पलटणीचं टार्टन, आणि ती पलटण 23 सप्टेंबर 1803 ला आपल्या जालना जिल्ह्यातल्या असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजेसमोर इंग्रजांच्या सेनापती वेलस्लीच्या बाजूने उभी होती. तेवढ्यावरून मी ते नाकारलं. बाईंना काय सांगणार? ‘अजून गडद दाखवा’ म्हटलं आणि ब्लॅक वॉच घेतलं. तेही पलटणीचंच, हे घरी येताना आठवलं. आता रोज रात्री दिव्याखाली काळ्यावर काळा टाका शोधतो.

खरं काम मागच्या चुण्यांचं. पुढे दोन सपाट पदर एकावर एक येतात, सगळा घेर मागे. चुणी दोन तऱ्हांनी घालतात. एकीत प्रत्येक चुणीवर तीच एक रेघ मधोमध येते, ती लष्करी तऱ्हा. दुसरीत प्रत्येक चुणी चौकड्याचा एक पूर्ण फेरा पोटात घेते आणि दिसणारी पट्टी पुढे सरकत जाते, अशी की शेजारी शेजारी लागून मागे पुन्हा अखंड चौकडा तयार होतो. उभं राहिलं की कापडाला घडीच नाही असं वाटतं, चाललं की उघडतं. मी ही दुसरी घेतली. बार्बरा ट्यूक्सबरी आणि एल्सी स्ट्यूमायर यांचं ‘द आर्ट ऑफ किल्टमेकिंग’ समोर उघडं ठेवून बसतो. पुस्तकात सोपं दिसतं.

माझ्या सत्तावीस चुण्या. चाळीस इंची सीट, तेव्हा मागे साधारण निम्मं. तिथे चुणी पाऊण इंच दिसायला हवी, वर कमरेशी पाच सूत. फरक फक्त एका सुताचा. पण तो सत्तावीस वेळा घ्यायचा, तेव्हा कुठे सव्वातीन इंचांहून अधिक आत येतं आणि कमर बसते. पहिल्या खेपेला मी प्रत्येक चुणी अर्धं सूत सैल ठेवली. डोळ्याला काही कळत नव्हतं. शेवटी टेप लावली तर जवळजवळ पावणेदोन इंच जास्त. तू ब्लाउजच्या टक्सला अर्ध्या सुतावरून मुलींना बोलायचीस, तेव्हा मला तू उगाच छळतेस असं वाटायचं.

टाके सगळे हाताचे. वरून सुमारे एक तृतीयांश लांबीपर्यंत चुणी शिवायची, खाली मोकळी सोडायची. दोऱ्याला मेण लावतो. अंगुस्तान घालायची सवय नव्हती, आता बोटाला भोक पडल्यावर झाली. खालच्या मोकळ्या भागावर पांढरा कच्चा दोरा घातलाय. तो ओलं फडकं टाकून इस्त्री होईपर्यंत काढायचा नाही. पोरगा त्याला ‘बाबाचा झेब्रा’ म्हणतो.

तर आता कुठे अडलोय. शिवलेल्या भागात आतल्या बाजूला सत्तावीस घड्यांचा जाड गठ्ठा जमलाय. तो तसाच ठेवला तर कमरेशी उशी बांधल्यासारखं दिसतं. म्हणून तिथलं जादा कापड कापून काढायचं, मग कॅनव्हास, मग सुती अस्तर. चुणी कितीही वेळा उसवता येते, पण एकदा आतून कापलं की मागे फिरणं नाही. आणि काल इस्त्रीच्या टेबलावर पसरून पाहताना डावीकडून अकरावी चुणी दिसली. हिरव्या पट्ट्याची कड जेमतेम एक सूत बाजूला सरकलीय. दहावी नीट, बारावी नीट. बायको म्हणते, कोणाला दिसणार आहे? तिला तीन वेळा बोट ठेवून दाखवावी लागली.

मलाही आधी दिसली नव्हती. आता मात्र खोलीच्या दारातूनसुद्धा तीच दिसते.

फोटो वेगळे पाठवतोय, काकांच्या फोनवर. मोठा करून बघ, चष्मा लावून. ती एकच उसवायची तर शेजारच्या दोन्ही सैल कराव्या लागतील, की मधल्या मधे निघेल? कोणत्या बाजूने सुई घालू? शनिवारपर्यंत कात्री उचलत नाही.

तुझा,
भाचा

ता. क. पट्ट्यांची बक्कलं आली आहेत. मोजून तीन. डावीकडच्या पट्ट्यासाठी कापडात भोक ठेवायचं असतं, ते मी विसरलो नाही, हे काकांना सांग.