गावाची कडी

मुलांनो, रात्री झोपताना आपण दाराला कडी लावतो. पण पूर्वी अख्खं गावच कडी लावून झोपायचं, हे ठाऊक आहे का तुम्हाला?

चला तर वाशीम जिल्ह्यातल्या कारंजा लाडला! या गावाभोवती पूर्वी कोट होता. त्याला चार वेशी : दिल्ली वेस, दारव्हा वेस, मंगरूळ वेस आणि पोहा वेस. नावं पुन्हा वाचा बरं! दारव्हा, मंगरूळ, पोहा ही आसपासचीच गावं. पण पार दिल्लीचंही नाव एका वेशीला!

एवढा बंदोबस्त कशाला? कारण कारंजा ही श्रीमंत बाजारपेठ. १६७० साली ती मुघलांच्या मुलखात होती. त्या वर्षी डिसेंबरात शिवाजी महाराजांच्या फौजेनं ती लुटली. लुटीचा माल वाहायला चार हजार बैल आणि गाढवं लागली, असं इतिहासकार जदुनाथ सरकार लिहितात. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला पेंढाऱ्यांनी वऱ्हाडाला सळो की पळो केलं.

लहान गावांना कुठला आलाय कोट? तिथे असायची गढी. पांढऱ्या मातीच्या जाडजूड भिंती आणि कोपऱ्यांवर बुरूज. बुरुजावरचा राखणदार दूरवर नजर ठेवी. धुरळा दिसला, की हाकाटी! बायामुलं, धान्य, गुरं आत घ्यायची नि दार बंद.

अशी भीती सगळ्या जगात होती. जॉर्जिया देशात उंच डोंगरात उश्गुली नावाचं गाव आहे. तिथे घरोघरी स्वतःचा दगडी बुरूज! त्यातला चझाशी हा भाग १९९६ पासून जागतिक वारसा आहे.

आणि आपल्या गढ्या? पेंढारी गेले, पाऊस मात्र दरसाल येतो. शिवाय ही पांढरी माती घर सारवायला, धाब्यावर टाकायला फार चांगली. म्हणून लोकांनी टोपलं टोपलं करून कितीतरी गढ्या खणून नेल्या. शत्रूला दाद न देणारे बुरूज घरच्याच कुदळीनं पडले!

तुमच्या किंवा मामाच्या गावी गढी आहे का? आजीआजोबांना विचारा. तिथे कोण राहायचं, बुरूज किती होते, सगळं वहीत लिहा. चित्र काढा. ढासळत्या भिंतीवर मात्र चढू नका हं!

इतकी वर्षं बुरुजांनी गावाची राखण केली. आता त्यांची राखण कोण करणार?