अभिप्रायांची वही

‘पुस्तक फार चांगलें आहे. सर्वांनीं अवश्य वाचावें.’ हीं दोन वाक्यें आम्हीं गेल्या सहा वर्षांत किती वेळां वाचलीं असतील ह्याची गणती नाहीं. शाळेच्या वाचनालयाच्या दारापाशीं जें लहानसें मेज आहे, त्यावर कापडी बांधणीची एक जाड वही ठेविलेली असते. पुस्तक परत करितांना विद्यार्थ्यानें तींत चार ओळी लिहाव्या असा परिपाठ आहे. परिपाठ पडला कीं पाठोपाठ पळवाटहि निघते, आणि वरील दोन वाक्यें ही आमच्या मुलांची पळवाट होय. ‘अग्निपंख’ असो, भूमितीचीं कोडीं असोत, मधमाशांविषयींचें पुस्तक असो, वाक्यें तींच. एका चिरंजीवांनीं तर शब्दकोशासहि हेंच प्रशस्तिपत्र दिलें, आणि शेवटीं ‘कथानक मनोरंजक आहे’ अशी पुस्ती जोडली!

असो. ह्या वहीविषयीं लिहिण्याचें कारण असें कीं, यंदा तिच्यावर संकट आलें आहे. एका पालकांनीं मुख्याध्यापकांस पत्र लिहून ती बंद करावी अशी सूचना केली आहे, आणि येत्या जून महिन्यांत त्या सूचनेचा विचार व्हावयाचा आहे. पत्र सभ्य भाषेंत आहे व तें कळकळीनें लिहिलेलें आहे. म्हणूनच त्याचें उत्तर चार भिंतींच्या आड न देतां ह्या वार्षिकांतून पालक आणि विद्यार्थी ह्या दोघांसमोरहि ठेवावें असें आम्हांस वाटलें.

तक्रारीचें मूळ ‘श्यामची आई’ ह्या पुस्तकावरील एका अभिप्रायांत आहे. साने गुरुजींनीं नाशिकच्या तुरुंगांत १९३३ सालीं लिहिलेलें आणि १९३५ सालीं प्रसिद्ध झालेलें हें पुस्तक महाराष्ट्रांतील किती घरांत पूज्य मानिलें जातें हें सांगावयास नको. आमच्या नववींतील एका मुलीनें त्यावर लिहिलें: ‘श्यामच्या आईनें सर्वांसाठीं सर्व कांहीं केलें. तिनें स्वतःसाठीं काय केलें हें मीं शोधलें, मला सांपडलें नाहीं. हें वाचून मला आईचें कौतुक वाटण्याआधीं आईची काळजी वाटली.’ स्नेहसंमेलनाच्या दिवशीं वाचनालय पालकांसाठीं उघडें होतें. त्या दिवशीं हा मजकूर त्या गृहस्थांच्या दृष्टीस पडला. चौदा वर्षांच्या मुलांनीं साने गुरुजींच्या ग्रंथावर न्यायाधीश होऊन बसावें हें त्यांना रुचलें नाहीं. मुलांनीं आधीं श्रद्धेनें वाचावें, मतें पुढें आपोआप येतील, असें त्यांचें म्हणणें आहे.

त्यांची भीति निराधार आहे असें आम्ही म्हणत नाहीं. वाचन पायीं चालतें आणि जीभ घोड्यावर बसून पुढें पळते, हा अनुभव प्रत्येक शिक्षकास आहे. ‘कंटाळवाणें’ ह्या एका शब्दांत दोनशें पानांचा निकाल लावणारे वीर आमच्या वहींतहि आहेत. त्यांच्यासाठीं आम्हीं तीन वर्षांपूर्वीं एक नियम केला: दोष द्यावयाचा असेल तर पान सांगावें, कोणत्या पानावर कंटाळा आला तें लिहावें. त्या नियमानें निम्मे वीर गारद झाले, कारण पान सांगावयाचें म्हणजे पुस्तक तेथपर्यंत वाचलेलें असावें लागतें! परंतु उरलेल्या निम्म्यांनीं जें लिहिलें तें वाचण्यासारखें आहे. एकानें पान बारा सांगितलें, आणि त्या पानावर एक वाक्य सतरा ओळींचें आहे असें दाखवून दिलें. आम्हीं मोजून पाहिलें. सतराच होत्या.

त्या मुलीच्या अभिप्रायांत तर आम्हांस अनादराची छायाहि दिसत नाहीं. श्रद्धेनें वाचणारा पुष्कळदां पुस्तक कपाळास लावून खालीं ठेवितो. तिनें मात्र तें घरीं नेलें, आणि स्वतःच्या आईकडे एकदां निरखून पाहिलें असावें. ज्या लेखकानें आईवर एवढें प्रेम करावयास शिकविलें, त्याच्या वाचकास आईची काळजी वाटूं लागली तर लेखकाचा अपमान कसा झाला, हें आम्हांस उमगत नाहीं.

ह्या वहींतील आमचीं सर्वांत आवडतीं पानें ‘पाडस’ ह्या कादंबरीचीं आहेत. मार्जोरी रॉलिंग्ज ह्या अमेरिकन लेखिकेची ही कृति मूळ इंग्रजींत १९३८ सालीं निघाली, तिला पुढील वर्षीं पुलित्झर पारितोषिक मिळालें, आणि राम पटवर्धन ह्यांनीं ती मराठींत आणिली. फ्लोरिडाच्या रानांत राहणाऱ्या गरीब शेतकऱ्याचा मुलगा हरणाचें एक पाडस पाळतो. पाडस मोठें होतें, कोवळें पीक खाऊं लागतें, कुंपण उंच केलें तरी उडी घेऊन आंत शिरतें, आणि अखेरीस त्यास मारावें लागतें. आठवींतील एका मुलीनें लिहिलें, ‘बापाला दया नाहीं. शेवटचीं पानें मी पुन्हा कधींहि वाचणार नाहीं.’ तिच्याखालीं वसतिगृहांतील एका मुलानें लिहिलें, ‘हिचें शेत नसावें. आमच्या भुईमुगांत रानडुकरें शिरलीं तेव्हां वडील तीन रात्री माळ्यावर जागत बसले होते. चौथ्या रात्रीं डोळा लागला आणि अर्धें शेत गेलें. त्या वर्षीं ताईची शाळा सुटली.’

मुलीनें उत्तर दिलें, ‘मग कुंपण घालावयाचें होतें.’

मुलानें लिहिलें, ‘घातलें होतें. पुस्तक नीट वाच.’

येथें आम्ही मधें पडणार होतों, कारण वहीचें रणांगण होईल कीं काय अशी शंका आली. परंतु देवघेवीच्या नोंदवहींत पाहतों तों ‘पाडस’ पुन्हा त्याच मुलीच्या नांवावर गेलेलें! शेवटचीं पानें कधींहि वाचणार नाहीं म्हणणारी ती, नऊ दिवसांनीं पुस्तक परत करून लिहिती झाली: ‘वाचलें. कुंपण होतें. मला अजूनहि वाईटच वाटतें. पण बापाला दया नाहीं हें वाक्य मी खोडतें.’ आणि खरोखरच वरील वाक्यावर पट्टीनें सरळ रेघ ओढलेली आहे. रेघेखालील अक्षरें वाचतां येतात, हें आम्हांस विशेष आवडलें. त्या मुलानेंहि पुढें एक ओळ लिहिली आहे. ती अशी कीं त्याला स्वतःलाहि त्या ठिकाणीं रडूं आलें होतें, परंतु तें आधीं लिहावयाचें राहून गेलें.

वर्गांत आम्ही ह्या कादंबरीवर तासभर बोललों असतों, तर त्या मुलाच्या ताईची शाळा कशानें सुटली हें कोणासहि कळलें नसतें, आम्हांसहि नाहीं. (मुख्याध्यापकांच्या कानावर ती गोष्ट आम्हीं घातली आहे; अधिक येथें लिहिणें योग्य नव्हे.)

आतां विषयांविषयीं. सर्व पुस्तकांस एकच माप लाविणें हा वाचकांचा सर्वसाधारण दोष आहे, आणि तो मुलांपेक्षां मोठ्यांत अधिक दिसतो. कमलाबाई ओगले ह्यांचें ‘रुचिरा’ १९७० पासून मराठी स्वयंपाकघरांत आहे. त्याविषयींचें मत खुर्चींत बसून देतां येत नाहीं, चुलीपाशीं उभें राहून द्यावें लागतें. एका मुलानें सुट्टींत त्यांतील तीन पदार्थ करून पाहिले आणि मग लिहिलें, ‘दोन साधले. तिसऱ्यांत दोष माझा होता, कारण मीं वाटी मोठी घेतली.’ ह्याहून प्रामाणिक समीक्षा आम्हीं मोठमोठ्या नियतकालिकांत क्वचित् वाचली आहे. डॉ. सलीम अली ह्यांचें भारतीय पक्ष्यांवरील इंग्रजी पुस्तक १९४१ सालीं प्रथम निघालें. त्याची परीक्षा झाडाखालीं होते. आमच्या आवारांतील दयाळ पक्ष्याचें जोडपें पाहून एकानें नोंद केली कीं नर काळा-पांढरा व मादी राखी, हें पुस्तकाबरहुकूम आहे. गणिताच्या पुस्तकाची गोडी उदाहरण सुटलें म्हणजेच कळते. कवितेचें पुस्तक मोठ्यानें वाचल्यावांचून त्यावर बोलूंच नये. आत्मचरित्राचें प्रकरण ह्या सर्वांहून अवघड. तेथें मनुष्यासच तोलावें लागतें, आणि त्यास वय लागतें. म्हणून लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रें’ ह्या ग्रंथावर मुलांनीं फारसें लिहिलें नाहीं ह्याचें आम्हांस आश्चर्य वाटत नाहीं. त्यावरील एकमेव चांगला अभिप्राय एका विद्यार्थ्याच्या आईचा आहे: ‘बाई हंसत सांगतात, म्हणून जास्त लागतें.’

शब्दकोशाचे ते चिरंजीव आम्हीं सोडून दिले नाहींत. त्यांना बोलावून सांगितलें कीं, तुमच्या आजीच्या तोंडचा, शाळेंत कोणी न वापरणारा एक शब्द ह्या कोशांत शोधून आणा. कोश मोल्सवर्थ साहेबांचा होता; कँडी बंधूंच्या साहाय्यानें सिद्ध झालेला तो कोश १८३१ सालीं प्रथम आणि १८५७ सालीं सुधारून पुन्हा निघाला. दोन दिवसांनीं चिरंजीव धांवत आले. शब्द मिळाला होता, आणि अर्थहि आजीनें सांगितला तोच होता. दुसरा अभिप्राय त्यांनीं स्वखुषीनें लिहिला: ‘कथानक नाहीं, पण आमची आजी आहे.’

मोठ्या विद्वानांचीं मतें तरी नेहमीं ग्राह्य ठरतात काय? विष्णुशास्त्री चिपळूणकरांनीं १८७४ सालीं ‘निबंधमाला’ सुरू केली, आणि ग्रंथावर मत द्यावयाचें तर सविस्तर व कारणांसह द्यावें हें मराठी वाचकांस शिकविलें. हे त्यांचे उपकार आम्ही मानितों. परंतु त्याच शास्त्रीबुवांनीं महात्मा फुले ह्यांच्या लेखनाची, व्याकरणाचे दोष काढून, थट्टा केली. ‘गुलामगिरी’ १८७३ सालची; आज दीडशें वर्षांनंतरहि ती वाचली जाते, आणि तींतील व्याकरणाचे दोष मोजण्यासाठीं कोणी ती उघडीत नाहीं. फुल्यांच्या भाषेंत शेतकऱ्याचें दुःख होतें. शास्त्रीबुवांनीं दुःख बाजूस ठेवून भाषा तपासली, असें आमचें मत आहे. पुढें १८८५ सालीं पुण्याच्या ग्रंथकारसभेचें निमंत्रण फुल्यांनीं नाकारिलें, आणि तें पत्र ‘ज्ञानोदय’ पत्रांत छापलें गेलें. कोणाच्या ग्रंथावर कोणीं मत द्यावें हा वाद असा जुना आहे, आणि तो चौदा वर्षांच्या मुलीपाशीं सुरू झालेला नाहीं.

नांव पाहून मत बनतें ही दुसरी अडचण. डॉ. जयंत नारळीकर ह्यांनीं १९७४ सालीं मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेस आपली पहिली विज्ञानकथा पाठविली ती ‘नारायण विनायक जगताप’ ह्या नांवानें. स्वतःचीं आद्याक्षरें त्यांनीं उलटीं करून घेतलीं होतीं. परीक्षकांनीं कथा वाचावी, शास्त्रज्ञाची कीर्ति वाचूं नये, हा हेतु. पहिलें पारितोषिक जगतापांस मिळालें! आम्हीं हा प्रयोग आमच्या वाचनालयांत करून पाहिला. दहा पुस्तकांस साध्या कागदाचीं वेष्टनें घालून लेखकांचीं नांवें झांकलीं. नांवाजलेल्या दोन लेखकांच्या पुस्तकांस मुलांनीं फार थंडपणें घेतलें, आणि कोणी हात न लावणारें एक जुनें प्रवासवर्णन सहा जणांनीं मागितलें. तीं तीन नांवें आम्ही सांगणार नाहीं.

पत्रलेखक पालकांस आमची एवढीच विनंति आहे कीं, जूनपूर्वीं एकदां वाचनालयांत यावें व वही पहिल्या पानापासून वाचावी. त्यांना जो मजकूर खटकेल त्याखालीं, पान सांगून, त्यांनींहि आपलें मत लिहावें. नियम सर्वांस सारखाच आहे. ग्रंथालयशास्त्राचे आचार्य रंगनाथन् ह्यांनीं १९३१ सालीं जे पांच नियम सांगितले, त्यांत प्रत्येक पुस्तकास त्याचा वाचक मिळावा असा एक आहे. आमच्याकडे देणगीदाखल आलेलीं, पानेंहि न फाडलेलीं कित्येक पुस्तकें कपाटांत वाट पाहत उभीं आहेत. त्यांना वाचक मिळवून देण्याचें काम सूचीनें होत नाहीं, आमच्या उपदेशानें तर मुळींच होत नाहीं. तें ह्या वहींतील भांडणांनीं होतें. त्या भांडणानंतर ‘पाडस’ एक दिवसहि कपाटांत राहिलेलें नाहीं. त्याच्या पानांतील शेवटची नोंद परवांचीच आहे, आणि ती सहावींतील एका मुलाची: ‘मीं हें पुस्तक वाचलें नाहीं. वरचें सगळें वाचलें. आतां ज्याच्याकडे असेल त्यानें सोमवारपर्यंत आणून द्यावें, माझा नंबर पहिला आहे.’