निपाणीचा लखोबा, लोंढ्यात

लोंढ्याला गाड्यांची वाण नाही. मिरजेकडची, हुबळीकडची, कॅसलरॉकचा घाट उतरून गोव्याला जाणारी. नाटक मात्र इथे उतरत नाही. त्यासाठी बेळगाव गाठायचं, पन्नासेक किलोमीटर, आणि परतायचं कसं या घोरात शेवटचा अंक पाहायचा. म्हणून पावसाळ्यात, कौलांवर पावसाची धो धो चाललेली असताना, प्रभाकर पणशीकरांच्या ‘तो मी नव्हेच’चं चित्रण लावून बसणं मला फार आवडतं.

अत्र्यांचं हे नाटक ८ ऑक्टोबर १९६२ रोजी दिल्लीत पहिल्यांदा झालं. त्यातला लखोबा लोखंडे निपाणीचा तंबाखूवाला, बोलण्याचा हेलही आपल्याच भागातला. कोर्टात त्याच्यावरच्या फसवणुकीच्या खटल्यात साक्षीदार सांगू लागतो, फिरता रंगमंच वळतो आणि तोच माणूस दिवाकर दातार होऊन, राधेश्याम महाराज होऊन उभा राहतो. सिनेमात एका नटानं पाच भूमिका केल्या तर मधे कितीतरी दिवस गेलेले असतात. इथे आत अंधारात एका माणसाची कोट, पगडी, मिशी यांच्याशी झटापट चाललीय, हे मनातून जात नाही. माझं अर्धं लक्ष त्या न दिसणाऱ्या जागेकडेच असतं.

कॅमेरा फार जवळ गेला की मात्र मला चुकल्यासारखं होतं. लखोबा आपला खटला स्वतःच चालवतो. ज्या बाईला फसवलं तिलाच तो उलटे प्रश्न विचारतो, तेव्हा मला त्याचा चेहरा नको असतो, कठड्यावरचे तिचे हात हवे असतात. कॅमेरा मागे सरून सगळं कोर्ट दाखवतो तेव्हा थिएटरातल्यासारखं कुठे पाहायचं ते माझं मी ठरवतो. चित्रण करणाऱ्यांनी एवढं ऐकावं: मागे राहा.

अण्णासाहेब किर्लोस्कर आमच्याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. त्यांच्या १८८० च्या ‘शाकुंतला’ची पदं उरली, पण तेव्हा चित्रण नव्हतं म्हणून त्या नटांचं चालणं, वळणं, थांबणं कायमचं गेलं. पणशीकर २०११ मध्ये गेले, तरी त्यांचं थांबणं अजून पाहता येतं. मग रंग फिके का असेनात!

यंदा शेजारची पोरं येऊन बसली. थिएटरात नाटक त्यांनी कधी पाहिलेलं नाही. धाकटा एकदम ओरडला, “काका, ह्यानं कपडे कवा बदलले?” तेवढा भाग मी मागे नेऊन पुन्हा लावला.