शंभर थेंबांची बाटली

जालना, 8 जून

चि. छकुलीस,

पत्रास कारण की, परवा फोनवर तू विचारलंस, "मामा, कोंबड्यांना कोणती गोळी देऊ?" आणि मी गप्प झालो. तुला वाटलं रेंज गेली. रेंज होती, उत्तर नव्हतं. अठरातल्या सात कोंबड्या चार दिवसांत गेल्या, हिरवट-पांढरी शीट, चोच उघडी टाकून धापा, आणि एकीची मान पार पाठीकडे पिळलेली. एवढं ऐकल्यावर पशुधन पर्यवेक्षक म्हणून उभा जन्म काढलेल्या माणसालाही गोळीचं नाव सुचत नाही. म्हणून सावकाश लिहायला बसलो.

लक्षणांवरून तरी ही मानमोडीच दिसते. आपल्या लोकांनी नाव अगदी नेमकं ठेवलंय. 1918 साली तापाच्या साथीने माणसं पटापट गेली, तेव्हा तिलाही मानमोडीच म्हणत. दवाखान्याच्या रजिस्टरात कोंबड्यांच्या मानमोडीला राणीखेत लिहितात. 1926 मध्ये इंग्लंडातल्या न्यूकॅसलला आणि जावा बेटावर हा रोग प्रथम ध्यानात आला. थोड्याच दिवसांत तो कुमाऊंमधल्या राणीखेतला सापडला आणि त्या गावाचं नाव आपल्याकडे रोगाला कायमचं चिकटलं. त्याच डोंगरात मुक्तेश्वरला जनावरांच्या रोगांची जुनी संशोधन संस्था. मोठ्या कोंबड्यांना टोचतात त्या आर-टू-बी लशीचा विषाणू तिथलाच. दुखणं नि उतारा, दोघांचं माहेर शेजारी-शेजारी.

हा विषाणूचा रोग. प्रतिजैविकाची कॅप्सूल जिवाणूंना मारते, विषाणूचा केसही वाकडा करत नाही. हे मला पुस्तकातून कळलं होतं, तरी पटायला स्वतःची फजिती व्हावी लागली. नोकरीला वर्ष झालं नव्हतं. तुझ्या आजीच्या नऊ कोंबड्यांवर मर आली. तिने माझ्याकडे असं पाहिलं, की सरकारी माणूस घरात असून हे काय! मी टेट्रासायक्लिनची कॅप्सूल फोडून पाण्यात कालवली. सहा मेल्या, तीन वाचल्या. आजीने गल्लीभर सांगितलं, "माझ्या पोराच्या औषधाने तीन उठल्या." त्या तीन स्वतःच्या अंगच्या ताकदीवर उठल्या होत्या. पण मेलेल्या सहांचा हिशेब मला कुणी मागितला नाही आणि मीही दिला नाही. पुढे कितीतरी वर्षं लोक माझ्याकडे "ती कॅप्सूल" मागायला येत राहिले.

तुझ्या शेजारणीने दिलेली औषधाची पुडी त्याच वाटेने आली असणार. तिच्यावर रागावू नकोस. पण ती आता देऊ नकोस. अशा औषधाचा अंश अंड्यात उतरतो. तू चार पैसे जास्त घेऊन गावरान अंडं विकतेस, ते बाळंतिणीच्या आणि लेकराच्या ताटात जातं. शिवाय अर्धवट मात्रेने जे जंतू मरत नाहीत ते निर्ढावतात, आणि उद्या माणसालाच औषध लागू पडत नाही. कोलिस्टिन नावाचं प्रतिजैविक माणसाच्या अगदी शेवटच्या लढाईसाठी राखून ठेवतात. ते कोंबड्यांच्या खाद्यातून सर्रास जात होतं, म्हणून 2019 च्या जुलैत केंद्र सरकारने खाण्यासाठी पाळलेल्या जनावरांसाठी त्याच्यावर बंदी घातली. डॉक्टरांनी काही लिहून दिलंच, तर पहिला प्रश्न हा विचार : अंडी किती दिवस खायची-विकायची नाहीत?

आता असा रोग सांगतो, जिथे औषध खरंच कामाला येतं. काल मृग लागला. खुराड्यातला भुसा ओला झाला की तीन ते आठ आठवड्यांच्या पिलांना रक्ती हगवण लागते. पिलं पंख फुगवून, डोळे मिटून कोपऱ्यात गोळा होतात, शिटेत रक्त दिसतं. हा आतड्यातल्या सूक्ष्म परजीवीचा रोग. याच्यावर अँप्रोलियम चालतं. त्याची चलाखी ऐक. ते दिसायला बी-वन जीवनसत्त्वासारखं. परजीवी फसतो, तेच उचलतो आणि उपाशी मरतो. म्हणून ते चालू असताना ताकदीचं म्हणून बी-वनचं टॉनिक पाजलंस, तर त्याला आयतंच जेवण मिळालं.

आणि मात्रा चिमटीने घ्यायची नाही. पुड्या बनतात हजारो पक्ष्यांच्या शेडसाठी. मोठी कोंबडी दिवसाला साधारण पाव लिटर पाणी पिते, उन्हाळ्यात जास्तच. तेवढं धरून पाणी मोज, डॉक्टरांनी सांगितलेलं प्रमाण त्या पाण्याला लाव, रोज ताजं कर. मागे तुझ्याकडे आलो होतो तेव्हा पाहिलं, मोसंबीच्या बुडाशी ठिबकची नळी गळत होती आणि सगळा कळप तिथेच माना खालीवर करत होता. औषधाचं भांडं खुराड्याशी तसंच भरलेलं. औषध चालू असेल तितके दिवस त्यांना कोंडून ठेव आणि तेवढंच पाणी समोर ठेव. नाहीतर औषध भांड्याला आणि रोग पोटाला.

उरलेल्या अकरांचं आता काय? आजारी दिसेल तिला लांब, वेगळ्या डालग्याखाली ठेव. आधी चांगल्यांचं दाणापाणी कर, आजारीचं शेवटी, आणि मग हात-पाय धू. मेलेली उकिरड्यावर फेकू नको, खोल खड्डा घेऊन वर चुना टाकून पूर. आणि एक कडू गोष्ट. मर लागली की लोक उरलेल्या कोंबड्या घाईघाईने आठवडी बाजारात काढतात, नाहीतर कापून पिसं नाल्यात टाकतात. तुझ्याकडे हा रोग बहुधा अशाच कुणाच्या शहाणपणातून आलाय. तू तो पुढे पाठवू नको. बाजारातून आणलेली नवी कोंबडी पंधरा दिवस वेगळी ठेवल्याशिवाय कळपात सोडू नकोस.

मी लांबून केलेलं निदान खरंच धरून बसू नकोस. गावच्या दवाखान्यात सांग, नाहीतर जनावरांच्या हेल्पलाइनला, 1962 या नंबरवर, फोन लाव. शेजारच्या परभणी जिल्ह्यात मुरुंब्याला 2021 च्या जानेवारीत आठशेच्या आसपास कोंबड्या मेल्या, तो बर्ड फ्लू निघाला. वरवर पाहून दोन्हींतला फरक आपल्याला सांगता येत नाही. कोंबड्यांबरोबर कावळेही मरताना दिसले, तर कशालाही हात लावू नको.

आता खरं सांगायचं ते. मानमोडीला औषध नाही, पण लस आहे, आणि ती काही महाग नाही. पिलू पाच ते सात दिवसांचं झालं की डोळ्यात लासोटा नावाच्या लशीचा एक थेंब. महिन्याने पुन्हा एक. सहा-आठ आठवड्यांनंतर, अंड्यावर येण्याआधी, पंखाखाली आर-टू-बीचं इंजेक्शन. मग तुझ्यासारख्या बायांच्या कोंबड्या दरसाल का मरतात? बाटलीमुळे. बाटली शंभर मात्रांची. ती बर्फात ठेवावी लागते, आणि एकदा पाणी मिसळलं की तास-दोन तासांत संपवावी लागते. ज्या घरात दहा पिलं, त्या घरासाठी कोण फोडणार? नव्वद थेंब मातीत ओतायला कुणाचं मन धजत नाही. मग ती दहा पिलं तशीच वाढतात आणि पुढच्या उन्हाळ्यात माना टाकतात. नोकरीत मी हेच वर्षानुवर्षं पाहिलं. थर्मास घेऊन गावात जायचो, तर एका घरी पिलं कालची, दुसरीकडे महिन्याची, तिसरीकडची कोंबडी अजून अंड्यांवर.

शिवाय कोंबडीला बांध कळत नाही. तुझ्या कोंबड्या चार घरांच्या अंगणात चरतात, त्यांच्या तुझ्या अंगणात. तू एकटीने लस दिलीस तरी रोग गल्लीत हिंडतच राहणार.

तेव्हा असं कर. आधी मर पूर्ण थांबू दे. आजारी कळपाला लस द्यायची नसते. मग एका संध्याकाळी गल्लीतल्या बायांना बोलाव. ज्यांच्या कोंबड्या खुडूक आहेत, त्या सगळ्या एकाच दिवशी अंड्यांवर बसवा. एकीखाली दहा-बारा अंडी धर. एकवीस दिवसांनी पिलं निघतील, सगळ्या गल्लीची एकाच वयाची. आठ-नऊ कोंबड्या बसल्या, तर काही अंडी गार निघाली तरी सत्तर-ऐंशी पिलं होतात. एवढ्यांसाठी बाटली फोडायला डॉक्टरही कुरकुरणार नाहीत. कोंबड्या बसवल्याची तारीख खुराड्यावरच्या भिंतीला कोळशाने लिही आणि मला फोन कर. त्यात अठ्ठावीस मिळवून मी इकडे कॅलेंडरवर खूण करीन.

त्या दिवशी पहाटेच्या एसटीने येतो. पिलू धरायचं कसं, डोळा उघडून थेंब कसा सोडायचा, आणि पिलाने पापणी मिटेपर्यंत सोडून का द्यायचं नाही, हे एकदा हातात घेऊन दाखवतो. पुढच्या खेपेला तूच इतरांना दाखवशील. थर्मास मी आणीन, पण त्यात बर्फ आणि बाटली असेल. चहा तुझ्याकडचा.

तुझा,
मामा