तीन बल्ब आणि एक सरासरी

नव्वदच्या दशकात आमच्या नरखेड तालुक्यात लाईन किती भरवशाची, हे विहिरीवरच्या खोलीतले तीन बल्ब सांगायचे. लाकडी पाटीवर तीन होल्डर, तीन फेजचे तीन बल्ब. तिन्ही सारखे पेटले की बाबा स्टार्टरचं हिरवं बटण दाबत. एखादा मिणमिणला की हात मागे घेत. फेज गेलेली असताना मोटार नुसती घुमते आणि वाइंडिंग जळतं. जानेवारीत अंबिया बहाराचा ताण तोडायला संत्र्याला पाणी हवंच, म्हणून रात्रीच्या लाईनसाठी घोंगडी पांघरून जागल चालायची.

मृगाच्या तोंडावर वादळ आलं की फांदी तारेवर पडायची. कोणीतरी सायकलनं सबस्टेशनवर निरोप न्यायचा आणि वायरमनभाऊ टॉर्च घेऊन खांबाखांबानं तुटलेली तार शोधत निघायचे. लाईन आली की मोहल्ल्यातले सारे पोट्टे एका सुरात ओरडायचे. तो आनंद खराच होता. पण एखाद्या डीपीचा, म्हणजे ट्रान्सफॉर्मरचा, फ्यूज उडून चार घरं अंधारात राहिली, तर त्या तासांचा हिशेब फक्त त्या घरांच्या आठवणीत राहायचा.

2003 साली नवा वीज कायदा आला, 2005 साली वीज मंडळाचं विभाजन होऊन महावितरण आली. आता लाईन बंद राहणार असल्याचा एसएमएस येतो. भरवसा मोजायला निर्देशांक आहेत: ‘सैफी’ म्हणजे एका ग्राहकाची लाईन सरासरी किती वेळा गेली, ‘सैडी’ म्हणजे सरासरी किती वेळ गेली. अंधाराची नोंद होते, हे मला फार मोलाचं वाटतं.

मात्र सरासरीत माणसं हरवतात. हजार ग्राहकांच्या फीडरवर दोनशे जणांची लाईन पाच तास गेली, तर सैडी निघतो एक तास. ते पाच तास सोसलेली दोनशे घरं त्या आकड्यात दिसत नाहीत. वीज तयार करणारी कोराडी, खापरखेडा ही केंद्रं आपल्याच जिल्ह्यात आहेत. वीज अडते ती शेवटच्या खांबापर्यंत पोचताना. म्हणून मोजणीही तिथवर यायला हवी. जलालखेडा, मोवाड, सावरगावच्या शेतकऱ्याला बहाराच्या दिवसांत आपल्या डीपीवर तिन्ही फेज किती तास होते, हे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर वाचता आलं पाहिजे. बाबांचे तीन बल्ब नेमकं तेवढंच सांगत होते.