अंगणातला ‘मरा’

गोंदिया जिल्ह्यातील चिचगडजवळच्या जंगलात आम्ही उभयता दोन दिवस विसाव्यासाठी गेलो होतो. कवेलूचे घर, अंगणात मोहाचे झाड. घरच्या आजी गोंडीभाषक. झाडाला त्या ‘मरा’ म्हणाल्या. कन्नडमध्ये ‘मर’, तमिळमध्ये ‘मरम्’. द्राविड भाषाकुलाचा पुरावाच दारात उभा! मी वहीत शब्दामागून शब्द टिपत राहिलो.

रात्री पत्नीने विचारले, “झाडाला काय म्हणतात ते विचारलंत, आजींचं नाव काय?”

मी निरुत्तर झालो. सकाळी वही मिटून चुलीपाशी बसलो आणि आधी नाव विचारले. मग आजी आपणहून बोलत राहिल्या.

आपण भाषा-सर्वेक्षण कराल, तेव्हा शब्दसूचीची पहिली ओळ सांगणाऱ्याच्या नावासाठी राखून ठेवा.